जुनी बिडाच्या इंजिनाची बुलेट, दापोलीचा गारठा आणि पहाटेचं दव

पडवीतली_बुलेट (प्रश्न)

गाडी बुलेट ३५०. जुनं बिडाचं इंजिन, उजव्या पायात गिअर, पॉइंटचं इग्निशन (उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच), १२ व्होल्टची बॅटरी, व्हीएम२४ कार्ब (कार्ब्युरेटर). गाडी दापोलीत पडवीत उभी असते. रोज पहाटे साडेपाचला खेड स्टेशनपर्यंत आणि आठवड्यातून दोनतीनदा हर्णै बंदर, एवढा वापर.

दिवाळीपर्यंत गाडी ठणठणीत होती. डिसेंबरपासून पुढच्या तक्रारी आहेत.

पहाटे पंधरा-वीस किका माराव्या लागतात. तीच गाडी दुपारी एका किकेत चालू होते.

चालू झाल्यावर खेडच्या बाजूला उतरताना धुक्याचा पट्टा लागतो. तिथे थ्रॉटल सोडला की कधीकधी इंजिन बंद पडतं. पाच-सात मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालते.

ऑइलच्या डिपस्टिकवर पांढरट फेस दिसतो. क्लचची केबल पहाटे जड असते, उन्हं आली की हलकी होते.

गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की थंडीसाठी मोठा मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) टाका आणि पातळ ऑइल भरा. करावं का? की आधी दुसरं काही तपासू? हत्यारं घरी आहेत: पाने, फिलर गेज, मल्टिमीटर.

---

पॉइंट_फिलर

मेन जेटला हात लावू नका. दुपारच्या ३० अंशांवरून पहाटेच्या १० अंशांवर आलं की हवा सुमारे ७ टक्के दाट होते आणि मिश्रण तेवढं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ती तूट चोक आरामात भरून काढतो. शिवाय किक मारताना मेन जेटचा संबंधच येत नाही, त्याचं काम थ्रॉटल अर्ध्याच्या वर गेल्यावर सुरू होतं. मोठा जेट टाकलात तर पहाटेचा त्रास तसाच राहील आणि दुपारी प्लग काळा पडेल.

दुपारी एका किकेत चालू होते याचा अर्थ टाइमिंग (ठिणगी पडायची वेळ), कॉम्प्रेशन आणि जेट ढोबळमानाने जागेवर आहेत. पहाटे दोन गोष्टी बदलतात, तापमान आणि ओल. आपल्याकडे ओल जास्त नडते, कारण ती खारी असते. मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. हर्णैहून आलेली गाडी न धुता उभी केली की रात्रभर एचटी वायर (कॉइलपासून प्लगकडे जाणारी), प्लग कॅप, फ्यूज आणि पॉइंटच्या प्लेटवर वीज वाहून नेणारा पातळ ओला थर बसतो. मग वीज प्लगमध्ये ठिणगी न पाडता त्या थरातून निसटते.

पहाटे अंधारात हे डोळ्यांनी दिसतं. प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याची बॉडी प्लगच्या भोकापासून लांब, हेडच्या एखाद्या फिनला टेकवा. भोकावर जाड फडकं दाबून ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ उडते. आता चावी चालू करून किक दाबा. ठिणगी निळी-पांढरी आणि कडक आवाजाची हवी. पिवळी, लुसलुशीत ठिणगी म्हणजे जोर कमी. त्याच वेळी वायर आणि कॅपकडे बघा. त्यांच्या अंगावरून निळसर रेषा सरपटताना दिसली तर वायर आणि कॅप दोन्ही बदला. एकच बदलून भागत नाही.

मग पॉइंट. या गाडीत स्पार्कची सगळी ताकद बॅटरीतून येते आणि पॉइंटमधून जाते, म्हणून इथे घाई नको. झाकण उघडा, पॉइंट पूर्ण उघडतील तिथे इंजिन आणा, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. पॉइंटच्या तोंडावर राखाडी थर किंवा खड्डा-उंचवटा असेल तर बारीक पॉलिश पेपरने दोनतीन हात फिरवा आणि नंतर कोरा जाड कागद मध्ये घालून ओढा. कागद काळा न होता बाहेर यायला हवा. पॉलिश पेपरची कच आत राहिली तर पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. कॅमवर गरमीत न वितळणारं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नाही. प्लगचा गॅप ०.५ मिमी.

झाकण उघडलंच आहे तर ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं बोटाने फिरवून सोडा. स्प्रिंगच्या जोरावर ती आपोआप जागेवर यायला हवीत. खाऱ्या हवेत पिना गंजतात, वजनं उघडी अडकतात आणि टाइमिंग पुढे राहतं. मग किक उलटी बसते, पायाच्या घोट्याला. पिनांना एकेक थेंब ऑइल पुरतं.

आणि एक चाचणी जी फुकट आहे: अँप मीटर, म्हणजे बॅटरीतून वीज जाते की येते ते दाखवणारा काटा. चावी चालू, दिवे बंद, किक हळूहळू दाबत न्या. पॉइंट बंद असताना काटा डावीकडे झुकायला हवा, उघडले की मध्यावर. काटा हललाच नाही तर पॉइंट जुळत नाहीत किंवा वाटेत कुठेतरी जोड सुटलाय. काटा डावीकडेच अडकून राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा बघा आणि इथे लिहा.

---

कार्बवाला

वरच्या उत्तराशी सहमत. फक्त स्पार्ककडे वळण्याआधी पहाटे न लागलेल्या गाडीचा प्लग काढून एकदा हात लावून बघा. दहा किकांनंतर प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्क नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. ओला प्लग पुसून पुन्हा लावला तर बहुतेक वेळा पुन्हा तेच होतं. घरातला कोरडा, दुसरा प्लग लावा. ओला प्लग तव्यावर शेकून वाळवतात ते ठीक, पण आधी फडक्याने पुसा, वाऱ्यावर ठेवून पेट्रोल पूर्ण उडू द्या आणि शेकायचं काम गाडीपासून लांब करा.

प्लग कोरडा निघाला तर चोकची वाट बघा. व्हीएम२४ मधला चोक हवा अडवत नाही, तो जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडतो. ती वाट इंजिनाच्या ओढीवर चालते, म्हणून थ्रॉटल पूर्ण बंद हवा. चोक लावून थ्रॉटल पिळत किक मारली की ती ओढ संपते आणि चोक असून नसल्यासारखा. थंडीत किका वाढण्याचं हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे. चोकचा जेट फार बारीक असतो, त्यात वार्निशसारखा थर बसतो. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल आणि हवेच्या प्रेशरने साफ करा, तार घालू नका. भोक मोठं झालं की ते पुन्हा लहान होत नाही.

आता पाणी. बुलेटची टाकी पत्र्याची. टाकी अर्धी रिकामी असली की रात्री आतल्या पत्र्याला घाम सुटतो. त्यात हल्लीचं ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण थंडी वाढली की त्याची धरून ठेवण्याची ताकद घटते आणि पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. कॉकचं (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचं) रिझर्व्हचं तोंड नेमकं तिथेच असतं. तपासायला कॉकची नळी काढून रिझर्व्हवर १०० मिली पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाला वेगळी रेघ किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर टाकी उतरवून रिकामी करा. कार्बचा बाउल (तळाची पेट्रोलची वाटी) पण सोडवा. त्यात पांढरी बुरशी किंवा हिरवट खडे दिसले तर पाणी बऱ्याच दिवसांपासून आहे. यावर रोजची सवय एकच: रात्री टाकी भरून ठेवा आणि गाडी लावली की कॉक बंद.

ई२० मुळे आणखी एक. शुद्ध पेट्रोलला जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा पट. म्हणजे जुन्या जेटवर गाडी मुळातच थोडी लीन चालते आणि थंडीत त्यात भर पडते. चोक काढल्यावर आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचं संथ चालणं) धरत नसेल, कार्बमध्ये फट्‌ असा आवाज येत असेल तर एअर स्क्रू पाव फेरा आत घ्या, इंजिन पूर्ण गरम असताना. इतकंच. पेट्रोलच्या जुन्या नळ्या आणि कार्बच्या रबरी सील ई२० ने फुगतात किंवा तडकतात, त्या इथेनॉल चालणाऱ्या टाका.

धुक्यात बंद पडण्याबद्दल: हे कार्बमध्ये बर्फ धरण्याचं लक्षण असू शकतं. पेट्रोलची वाफ होताना कार्बच्या गळ्यात तापमान १५-२० अंशांनी उतरू शकतं. बाहेर ८-१० अंश आणि हवा ओलीचिंब असेल तर थ्रॉटलच्या कडेला बर्फाचा पापुद्रा बसतो, त्याचा त्रास आयडलला सर्वात जास्त होतो. गाडी थांबली की इंजिनाची ऊब कार्बपर्यंत येते, बर्फ वितळतो, काही पुरावा उरत नाही. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता ओढतं, म्हणून ई२० मध्ये बर्फ थोडा लवकर धरतो. उतारावर बंद थ्रॉटलने लांब घरंगळत जाऊ नका, मधूनमधून थोडा थ्रॉटल देत राहा.

---

पॉइंट_फिलर

बर्फाची शक्यता नाकारत नाही, पण त्याआधी टाकीचं झाकण बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की अगदी असंच होतं: काही किलोमीटर चालते, मग टाकीत ओढ तयार होते, बाउल रिकामा होतो, बंद. थांबलं की हळूहळू पेट्रोल झिरपतं आणि पुन्हा चालू. फरक ओळखायचा असा: बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. सुस्कारल्यासारखा आवाज येऊन गाडी लगेच लागली तर भोक दोषी. झाकण उघडूनही लागत नसेल, पाच मिनिटं थांबल्यावरच लागत असेल, तर बर्फ किंवा बाउलमधलं पाणी. आणि दुपारच्या कोरड्या उन्हातही होत असेल तर बर्फ नक्की नाही.

---

हर्णै_बंदर

क्लचची केबल पहाटे जड आणि उन्हात हलकी, म्हणजे त्यात कोणीतरी खोबरेल सोडलंय. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. चेनवर, केबलमध्ये, कुलपात, कुठेच खोबरेल नको. केबल दोन्ही टोकांनी काढा, वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं बांधा, आधी थोडं रॉकेल किंवा डिझेल सोडून आतलं सगळं खाली येऊ द्या. मग पातळ मशीन ऑइल सोडा आणि केबल रात्रभर टांगून ठेवा. खालून स्वच्छ ऑइल ठिबकलं की झालं. थ्रॉटल, ब्रेक आणि डिकॉम्प्रेसरच्या (किक हलकी व्हावी म्हणून कॉम्प्रेशन सोडणाऱ्या लिव्हरच्या) केबलला हेच. डिकॉम्प्रेसरच्या केबलला लिव्हरपाशी दोनेक मिमी ढील ठेवा. ती ताणलेली राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं.

क्लचची दुसरी गंमत नव्हे, अडचण अशी की प्लेटी रात्रीत ऑइलने चिकटतात. चावी बंद ठेवून क्लच दाबा आणि तीनचार किका मारा, प्लेटी सुटतात. नाहीतर पहिल्या गिअरला गाडी उडी मारते.

किनाऱ्यावरून आलं की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. 'गोड्या' हे महत्त्वाचं, बंदराजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि त्याने धुणं म्हणजे मिठाचा दुसरा हात देणं. प्रेशर गन चाकाच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगच्या कोनवर आणि कार्बवर मारू नका. बादली आणि फडकं बरं. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा म्हणजे फटींतलं पाणी उडतं, मग उभी करा. रिम, स्पोकच्या निपल आणि मडगार्डच्या आतल्या कडांवर ऑइलचं फडकं फिरवा. ब्रेक ड्रम आणि टायरला ऑइलचा हातही लागता कामा नये.

चेन गरम असताना, म्हणजे फेरीवरून आल्या आल्या, डिझेलच्या ब्रशने पुसा आणि ईपी९० गिअर ऑइल आतल्या बाजूने, रोलर आणि प्लेटच्या फटीत सोडा. रात्रभरात ते आत मुरतं. पहाटे निघताना सोडलेलं ऑइल पाच किलोमीटरमध्ये रिमवर असतं. एरवी ५०० किमीला करत असाल तर इथे ३०० ला करा. ढील खालच्या बाजूला मधोमध २५ ते ३० मिमी, पण चाक पूर्ण फिरवून चेन जिथे सर्वात ताठ आहे त्या जागी मोजा. खाऱ्या हवेत चेनच्या काही कड्या गंजून आखडतात, सैल जागी मोजून ताणलं तर ताठ जागी बेअरिंगवर ओढ येते.

ग्रीस नेहमीचं न घेता बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानातलं, पाण्याने धुपत नाही असं घ्या. चाकाची बेअरिंग, स्टँडची पिन, ब्रेकचा कॅम. कॅमला अगदी पातळ हात. वायरिंगच्या जोडांना व्हॅसलिन चालतं, पण आधी जोड सोडवून घासून चकचकीत करा आणि मगच लावा. गंजावर लावलेलं व्हॅसलिन गंज झाकून ठेवतं.

पडवीत गाडी असेल तर प्लॅस्टिकची ताडपत्री अंगावर टाकू नका. आतला दमटपणा बाहेर जात नाही आणि पहाटे ताडपत्रीच्या आतून पाणी टपकतं. जुनी सुती चादर बरी, तीही सकाळी काढून वाळवायची. जमीन सारवलेली किंवा जांभ्याची असेल तर दोन्ही चाकांखाली फळी टाका. काही दिवस गाडी उभी राहणार असेल तर सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा आणि हँडलला चिठ्ठी बांधा. कुंभारीण माशी सायलेन्सरमध्ये, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीत आणि वर म्हटलेल्या टाकीच्या झाकणाच्या भोकात मातीचं घर करते. ते बारीक तारेने टोकरून काढायचं, फुंकून निघत नाही.

---

पडवीतली_बुलेट

सगळ्यांचे आभार. तपासून सांगतो.

पहाटे अँप मीटरचा काटा जेमतेम हलतो, दुपारी नीट डावीकडे जातो. प्लग ओला. वायरवरून निळी रेघ दिसत नाही. बाटलीत तळाला पाण्याचे मणी होते, टाकी रिकामी करून भरली. झाकणाचं भोक अर्धं बुजलेलं होतं, मातीच निघाली. क्लच केबल हलकी झाली.

दोन गोष्टी उरल्या: पहाटेचा काटा आणि डिपस्टिकवरचा फेस. शिवाय जानेवारीत पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला जायचं आहे, त्यासाठी काय बदलू?

---

पॉइंट_फिलर

काटा जेमतेम हलतो म्हणजे पॉइंट बंद असूनही करंट पुरा जात नाही. मल्टिमीटर आहे तर अंदाज कशाला? चावी चालू करून पॉइंट बंद असलेल्या जागी इंजिन ठेवा. एक टोक पॉइंटच्या हलत्या बाजूला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूला. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर पॉइंटवर थर आहे किंवा पॉइंटच्या प्लेटचं अर्थिंग खराब आहे. मग एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं कॉइलच्या बॅटरीकडून येणाऱ्या टोकाला लावा. ०.५ व्होल्टच्या वर असेल तर मधला फ्यूज होल्डर, चावीचा स्विच आणि वायरींचे गोल जोड (बुलेट कनेक्टर) एकेक करून बघा. काचेच्या फ्यूजचा होल्डर किनाऱ्याजवळ हमखास हिरवा पडतो. चपट्या पात्यांच्या (ब्लेड) फ्यूजचा नवीन होल्डर टाकला की तो विषय मिटतो. बॅटरीचा मायनस ज्या बोल्टला आहे तिथला रंग खरवडून धातू उघडा करा.

हे मोजमाप पहाटे करा, दुपारचे आकडे फसवतील. आणि मोजून झालं की चावी लगेच बंद. पॉइंट बंद अवस्थेत चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

बॅटरी: रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट किंवा वर हवी. १२.२ म्हणजे निम्मी. तुमचा वापर पहाटेचा, दिवे लावून. ३५ वॉटचा बल्ब आणि ५ वॉटचा टेल मिळून साडेतीन अँपिअरच्या जवळ जातात, वर कॉइल वेगळी. आयडलला चार्जिंग तेवढं नसतं, म्हणून काटा डावीकडे राहतो. गाडी गरम व्हायला दिवे लावून दहा मिनिटं दारात उभी करण्यापेक्षा मिनिटभरात निघा आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर दोन रेघांच्या मध्ये. टर्मिनलवरची पांढरी पूड कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, वाळवा, मग व्हॅसलिन.

किक मारण्याचा क्रम एकदा लिहितो. कॉक चालू. चावी बंद, क्लच दाबून तीनचार किका. चोक लावा, थ्रॉटल बंद, डिकॉम्प्रेसर ओढून दोन सावकाश किका, म्हणजे मिश्रण आत येतं. चावी चालू. किक हळू दाबत न्या, पायाला घट्ट लागली की थांबा. डिकॉम्प्रेसर ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवा, अँप मीटरचा काटा डावीकडून मध्यावर उडी मारेल, तिथेच डिकॉम्प्रेसर सोडा. किक पूर्ण वर येऊ द्या आणि एकदाच, शेवटपर्यंत, सलग दाबा. धक्का मारल्यासारखं नाही, शरीराचं वजन टाकून. लागली की अर्धा-एक मिनिट चोक, मग बंद.

---

घाटवाट

फेसाबद्दल. जळताना इंजिनात पाणी तयार होतंच, त्यातलं थोडं रिंगमधून खाली जातं. इंजिन पूर्ण तापलं की ते ब्रीदरमधून वाफ होऊन बाहेर पडतं. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की तापायच्या आत गाडी बंद होते, पाणी ऑइलमध्ये घुसळलं जातं. डिपस्टिकच्या टोपणाला फक्त वर फेस असेल आणि खालचं ऑइल स्वच्छ असेल तर आठवड्यातून एकदा सलग २५-३० किमी चालवा, निघून जातो. खेडची फेरी रोज होत असूनही फेस येत असेल तर ब्रीदरचं रबर बघा. चोचीसारखं असतं ते, आतली हवा बाहेर सोडायचं आणि बाहेरची आत न घ्यायचं काम त्याचं. कडक होऊन उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. स्वस्त आहे, बदलून टाका. खालचं ऑइल पण दुधाळ दिसत असेल तर लगेच बदला, त्यावर आणखी चालवू नका.

पातळ ऑइलचा सल्ला मानू नका. २०डब्ल्यू-५० मधल्या '२०डब्ल्यू'ची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते. दापोलीचे ८-१० अंश त्याला काहीच नाहीत. पातळ ऑइल दुपारी त्या ढिल्या जुन्या इंजिनात प्रेशर धरणार नाही. पहिला एक-दीड किलोमीटर जोरात रेस करू नका, एवढंच पुरे. ऑइल पहाटे मोजून भरू नका. जुन्या पंपातून रात्रीत ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. तीनचार मिनिटं चालू करून, बंद करून मग मोजा. नाहीतर जादा भरलं जातं आणि ब्रीदरमधून, सीलमधून बाहेर येतं. पहाटे सुरुवातीला निळा धूर आणि मग साफ, याचंही कारण बहुतेक हेच उतरलेलं ऑइल. छोट्या फेऱ्या चालू असतील तर ऑइल २,००० किमीला बदला.

टॅपेट (व्हॉल्व्हची ढील) घाटाआधी नक्की तपासा. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन बोटांनी फिरायला हवा, वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित सैलसर ठेवलेला चालतो, घट्ट ठेवलेला चालत नाही. घट्ट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि घाटात थांबल्यावर किकला कॉम्प्रेशनच लागत नाही.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी. पण पहाटे वर गारठा असतो, वेण्णा तलावाच्या काठी दवसुद्धा गोठतं, त्यामुळे थंड हवेने थोडी भरपाई होते. एकूण हवा १० टक्के विरळ धरा. म्हणजे खाली लीन वाटणारी गाडी वर थोडी रिच होते (पेट्रोल जास्त, हवा कमी). जेट बदलायची गरज नाही. वर चोक कमी वेळ लावा. आयडल खाली आलं तर थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू थोडा आत घ्या आणि उतरल्यावर पूर्ववत करा. आधीच मोठा जेट टाकला असता तर आंबेनळीच्या अर्ध्यातच प्लग काळा झाला असता.

टायरची हवा पहाटे थंड असताना मोजा, एकट्याला पुढे १८ आणि मागे २८ पीएसआय. दुपारी पंपावर भरलेली हवा पहाटे २० अंशांच्या फरकाने २-३ पीएसआय कमी दिसते. तेवढ्याने वळणावर मागचं चाक डुलतं. कोकणातल्या रस्त्यावर पहाटे तांबडी धूळ आणि दव यांचा पातळ चिखल असतो. आंब्या-काजूच्या झाडांखालच्या वळणांवर उन्हं उशिरा पोचतात, तिथे तो साडेनऊ-दहापर्यंत राहतो. ड्रममध्येही रात्रीत गंजाची पूड धरते आणि पहिला ब्रेक अचानक आवळतो. दारातून निघताच मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक हलके धरून शंभरेक मीटर चालवा, पूड निघते.

अंगावर: १० अंशांत ताशी ५० च्या वेगाने थंडी ५-६ अंशांसारखी लागते. छातीवर वारा अडवणारं जाकीट आणि हातात मोजे, हे दोन आधी. लोकरीचा स्वेटर एकटा कामाचा नाही, वारा आरपार जातो, वरून रेनकोट घातला तर चालतो. बोटं बधिर झाली की क्लच अर्धवट सुटतो, म्हणून मोजे पातळ असले तरी घाला. कानटोपी हेल्मेटखाली घालाल तर हेल्मेट सैल बसत नाही ना ते बघा, पट्टा त्यावर पुन्हा आवळा.

परतीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरा. जुने ड्रम सतत दाबून ठेवले तर प्रतापगडच्या फाट्यापासून खाली येता येता तापून ढिले पडतात. दाबायचं, सोडायचं, दाबायचं. मागचा ब्रेक पायाखाली जास्त खोल जायला लागला की बाजूला थांबा, दहा मिनिटं वाऱ्यावर थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. पोलादपूरला उतरल्यावर ड्रम कोमट असतानाच रॉडचा नट फिरवू नका, पूर्ण थंड झाल्यावर ब्रेकची ढील बघा आणि मग लागलं तर आवळा.